बाळंतिणीची भिंत

द्वारकाबाईंनी अंगणातल्या शेगडीत निखारे फुलवले आणि चिमटा स्वतःच्याच हाती ठेवला. लेक बाळंतपणाला येणार होती. चंद्रपूरच्या उन्हाने तापणाऱ्या तिच्या खोलीला आतून थर्मोकोलचे अस्तर लावण्याचा बाईंचा हुकूम सुटला होता, अर्धी भिंत लावूनही झाली होती. सून मात्र दगड वितळवून काढलेल्या तंतूंच्या अस्तरावर, दगडी लोकरीवर, अडून बसली होती.

"लोकर म्हटली की पेटणारच, मृणाल. नावातच पुरावा आहे."

"नावात दगडही आहे की, आई."

मिस्त्री बंडूजी मिशीत हसले. शेजारणी कुंपणाला टेकून पाहू लागल्या.

बाईंनी आधी लोकरीचा तुकडा निखाऱ्यांवर धरला. जरासा धूर निघाला, पण ज्वाला काही उठेना. बाईंनी सुपाने वारा घातला, तरी तुकडा ढिम्म. मग थर्मोकोलची पाळी आली. तो क्षणात आक्रसला, भडकला आणि त्याचे जळते थेंब टपटप फरशीवर पडू लागले. शेजारणी दोन पावले मागे सरल्या.

बाईंच्या डोळ्यांसमोर लेकीची बाज उभी राहिली. बाजेखाली शेक-शेगडी, भोवती ओव्याची धुरी आणि उशाशी हीच भिंत. शेक-शेगडीची रीत तर त्या मोडणार नव्हत्या. त्यांनी हुकूम मोडला.

"बंडूजी, ते पांढरे सगळे आत्ता उतरवा. लोकर लावा."

"पण बाई, तुमचाच तं हुकूम होता जी."

"तो घरमालकिणीचा होता. हा आजीचा आहे," असे म्हणून बाईंनी पदर खोचला आणि शिडी धरायला त्या स्वतःच पुढे झाल्या.