सतरा नंबरचं खोकं

जळगावहून धुळ्याला बिऱ्हाड हलवायला आठ दिवस उरले होते. मी प्रत्येक खोक्यावर नंबर घातला होता आणि कशात काय आहे याची यादी केली होती. एकेक करून सगळी खोकी बंद झाली. सतरा नंबरचं तेवढं उघडं राहिलं, कारण त्यातला स्टीलचा मोठा डबा मागच्या गल्लीतल्या हसीनाबींकडे गेलेला होता.

तो आणायला सासूबाई रोज दुपारी पिशवी घेऊन निघायच्या आणि दोन तासांनी परत यायच्या.

"आज बी नही दिन्हा तिनी."

"आई, एका डब्यासाठी किती खेपा? इथे भांडी बांधायची पडलीत. जाऊ द्या, नवा घेऊ."

"नवा कशाले? मना लगीनना डबा शे तो."

निघायच्या दिवशी ट्रक दारात लागला, तरी डबा नाहीच. शेवटी वैतागून मीच हसीनाबींकडे गेले.

"डबा?" त्या गोंधळल्या. "तो तर पहिल्याच दिवशी दिला ना बेटा. कुंदाबाईच्या पिशवीतच असतो. रोज घेऊन येते, रोज घेऊन जाते."

मी परत आले. सासूबाई ट्रकपाशी उभ्या होत्या. पिशवी पोटाशी घट्ट धरलेली.

"दिन्हा का तिनी?" माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं.

मी सतरा नंबरच्या खोक्यावर चिकटपट्टी ओढली.

"नाही ना! आता पुढच्या महिन्यात तुम्हालाच येऊन मागावा लागेल."