नाव नसलेली गोलकीपर

'मैदानात पाय न ठेवता तुम्ही हॉकीचा संघ निवडता. पोरी उन्हात मरमर मरतात आणि तुम्ही एसीत बसून त्यांच्यावर काट मारता. लाज उरली असेल तर उत्तर द्या!'

निरंजन दाण्यांनी पेन टाकलं. लखनौच्या एका हिंदी दैनिकात २००१ पासून त्यांचा क्रीडास्तंभ चालू होता. आठ वर्षांत त्यांनी कुणाला सोडलं नव्हतं. खुद्द संपादकाच्या भाच्याचं नाव त्यांनी क्रिकेटच्या बातमीतून उडवलं होतं. "घरच्यांची जाहिरात माझ्या पानावर नाही," असं तोंडावर सांगून.

डेस्कवरच्या विभाने मजकूर वाचला. "सर, जिला डावललं ती नुसती 'एक गोलकीपर'? नाव टाका की! संघ उद्या रात्री निघतोय."

"नाव टाकलं की सिफारिश होते."

"अच्छा. आणि बोटाला पट्टी कसली?"

"जाड सुई लागली. तू छाप."

सकाळी स्तंभ आला. दुपारी निवडसमितीच्या अध्यक्षांनी, हरिहरजींनी, गोमती नगरच्या ऑफिसात बोलावलं. दाण्यांनी स्कूटर लावली आणि तडक आत शिरले.

"आइए दाणेसाहब! बहुत गालियाँ दीं आज."

"एक भी मैच देखा आपने?"

"नहीं देखा." हरिहरजींनी दाण्यांच्याच स्तंभांची कात्रणं पुढे सरकवली. "पूरी टीम आपको पढ़कर चुनी है. लखनऊ में आपसे ईमानदार कौन लिखता है?"

फॉरवर्ड, हाफ, बॅक. प्रत्येक नावाखाली लाल रेघ होती. दाणे कात्रणं उलटत राहिले. 'गोलकीपरने अडवलं', 'गोलकीपरने वाचवलं'. नाव कुठेच नव्हतं.

"जिसका नाम ही नहीं, उसको कैसे लेते?" हरिहरजी हसले. मग त्यांनी पेन उघडलं. "चलिए, एक जगह अभी बदल देता हूँ. आप कहेंगे, वही लड़की जाएगी. नाम?"

दाणे बोटावरची पट्टी घट्ट करू लागले.

"अरे, आठ साल सबको पूछते रहे. अब खुद बोलिए!"

दारात एक मुलगी येऊन उभी राहिली होती. हातात गोलकीपरचे पॅड, पट्टा जाड दोऱ्याने नुकताच शिवलेला. तिने सगळं ऐकलं होतं.

"नाम बोलिए ना, बाबा!"