समोरची खुर्ची

संग्रहालयातल्या रविवारच्या कार्यक्रमात शिल्पकार बाईंचा नियम साधा होता. डोळ्यांवर पट्टी बांधायची, समोर बसलेल्याचा चेहरा हातांनी चाचपायचा आणि तो मातीत उतरवायचा.

नावं आठ आली होती, माणसं आली सात. निवृत्त नर्सबाईंच्या समोरची खुर्ची रिकामी राहिली. सगळ्यांच्या पट्ट्या बांधून झाल्या की तिथं आपणच बसू, असं बाईंनी ठरवलं.

पण त्या वळल्या तेव्हा नर्सबाई कामाला लागल्याही होत्या. रिकाम्या खुर्चीवर त्यांचे हात हवेतच फिरायचे, कपाळाशी थबकायचे, गालांवरून उतरायचे आणि मग मातीकडे वळायचे. म्हातारी थट्टेच्या मूडमध्ये दिसतेय, असं वाटून बाईंना हसू आलं.

मग त्यांची नजर मातीवर गेली. बसकं नाक, निमुळती हनुवटी. आणि डाव्या भुवईवर खोक.

ती खोक बाईंनीच लहानपणी दगड मारून पाडली होती, धाकट्या बहिणीला. बहिणीला जाऊन आता सहा वर्षं झाली. शेवटच्या दुखण्यात तिनं दोनदा निरोप धाडला होता. बाई गेल्या नव्हत्या.

"नर्सबाई, पट्टी काढा," बाई कशाबशा म्हणाल्या.

"कशी काढू? हिनं हात धरून ठेवलेत ना माझे! नुसती गारठलीय बिचारी."

नर्सबाईंच्या दोन्ही मनगटांवर बोटं रुतावीत तसे खड्डे पडले होते, आणि ते खोल खोल होत चालले होते.

"बाई, ही म्हणतेय, ताईला माझ्या जागी बसवा, मग सोडते."