हर्जो मास्तर घरी आहेत

“पाहुण्यांसमोर ह्यांना ‘अहो’ म्हणायचं. बिचकायचं नाही, रडायचं नाही,” कॅप्टन प्रयित्नोंनी पुन्हा बजावलं.

तुमिनाहनं मान डोलावली. समोर वेताच्या खुर्चीत तिच्या नवऱ्याचा बाटिकचा सदरा घालून एक परका माणूस बसला होता. सकाळीच त्याला कैद्यांच्या छावणीतून जीपमध्ये घालून आणलं होतं. तिनं त्याला जन्मात पाहिलं नव्हतं.

तिचा खरा नवरा, हर्जो मास्तर, तेरा वर्षांपूर्वी लष्करानं भर शाळेतून उचलून नेला. खटला नाही, आरोप नाही, शिक्षाही नाही. नुसतं कोंडून ठेवलेलं. पण कुठून तरी परदेशातल्या लोकांना त्याचं नाव कळलं आणि त्यांनी ते लावूनच धरलं. मास्तरांना सोडा, नाहीतर मदत बंद, असं तिकडच्या संसदेत बोललं गेलं. नाक दाबल्यावर तोंड उघडलं. सरकारनं कळवून टाकलं की मास्तर केव्हाच सुटले, क्लातेनला आपल्या घरी सुखात आहेत. त्यावर संसदेतल्या एक बाई म्हणाल्या, वा! मग मी त्यांच्याकडे चहालाच जाते.

आता आली का पंचाईत!

“मग त्यांनाच का नाही आणत?” तुमिनाहनं आधीच विचारून पाहिलं होतं.

“क्षय झालाय त्यांना. दवाखान्यात आहेत,” कॅप्टन म्हणाले होते. तिकडच्या रीतीनं ते तिला ‘इबू’, म्हणजे बाई, म्हणत. “पाहुण्यांपुढं खोकत बसले तर देशाची अब्रू काय राहील, इबू? एवढं नीट पार पाडा. दोन महिन्यांत मास्तर तुमच्या दारात उभे.”

दोन महिने! एवढी वर्षं काढली, त्यापुढं दोन महिने म्हणजे काय? तेवढ्यासाठी ती या माणसाला अहोच काय, देवसुद्धा म्हणायला तयार होती. भीती एकच होती, ऐनवेळी जीभ अडखळली तर? छावणीत इतकी वर्षं काढली की सगळेच सुकून एकसारखे दिसतात, त्यामुळे चेहऱ्याची चिंता नव्हती. शेजारणींची होती. आजवर तिच्या दारावरून मान फिरवून जाणाऱ्या बायका आज हुकमानं तिच्याच स्वयंपाकघरात सोयाबीनचं टेम्पे तळत होत्या. हसा म्हटलं की हसत होत्या. त्यातली एखादी भलतंच काही बोलली तर?

बाहेर मोटार थांबली. कॅप्टननी टोपी सारखी केली आणि त्या माणसावर खेकसले, “खांदे ताठ ठेव रे! स्वर्गी हर्जो मास्तर होते, हमाल नव्हते.”

शब्द निघून गेला. कॅप्टन चांगल्या घरचे. गेलेल्या माणसाचं नाव नुसतं घ्यायचं नसतं, आधी ‘स्वर्गी’ लावायचं असतं, हे त्यांच्या आईनं लहानपणीच अंगी बाणवलेलं. खोटं बोलणारा बाकी सगळं सांभाळतो, पण अंगचं वळण कसं सांभाळणार? ते दारातच थबकले. त्यांनी एकदा तुमिनाहकडे पाहिलं आणि घाईघाईनं पाहुण्यांना सामोरे गेले.

तिनं हातातली किटली खाली ठेवली. दवाखाना, दोन महिने, दारात उभे मास्तर, सगळं जागच्या जागी संपलं होतं.

“तुम्हाला ठाऊक होतं?” तिनं त्या माणसाला हळूच विचारलं.

त्यानं मान खाली घातली. “माझ्या शेजारीच झोपायचे. मागच्या पावसाळ्यात गेले. आम्हीच पुरलं. माफ करा, इबू.”

“आणि आज पाहुणे गेल्यावर तुम्ही?”

“परत छावणीत.”

“घरी कोण आहे?”

“बायको आहे. एक मुलगी आहे. वाट बघत असतील अजून.”

उंच परदेशी बाई वाकून दारातून आत आल्या. इथली भाषा त्या मोडकीतोडकी, पण दुभाष्याशिवाय स्वतःच बोलत होत्या. त्यांच्यामागं कॅप्टन हसत उभे होते आणि कपाळावरून घाम निथळत होता. तुमिनाहच्या अंगाचा नुसता जाळ होत होता. हा माझा नवरा नव्हे, माझा तुम्ही मारलात, हे वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं होतं. एवढं ती बोलली असती तर कॅप्टनची आणि त्यांच्या सरकारची इभ्रत धुळीला मिळाली असती. पण घरामागं जीप उभी होती. ती या माणसाला घेऊन गेली असती, आणि मग त्याचं नावसुद्धा कुणी विचारलं नसतं.

“हेच ना तुमचे यजमान?” बाईंनी विचारलं.

पाहुण्यांदेखत तिथली कुठलीच बायको करणार नाही ते तुमिनाहनं केलं. ती त्या माणसाच्या शेजारी जाऊन बसली आणि त्याचा हात हातात घेतला.

“हो बाई, हेच माझे,” ती म्हणाली. “आता दर महिन्याला हे तुम्हाला पत्र लिहितील. ज्या महिन्यात पत्र येणार नाही, त्या महिन्यात आमचे मास्तर कुठं गेले, ते या कॅप्टनसाहेबांना विचारा.”