ट्रायलवरची

“हात तुझा थरथरतोय आणि नस त्यांची जातेय,” इन्चार्ज सिस्टर म्हणाली. “थांब. श्वास घे. नवी सुई घे आणि परत शोध.”

पोरीने आजींचं मनगट पुन्हा चोळलं. आजींचं खुब्याचं हाड मोडलेलं. महिनाभर याच खाटेवर होत्या आणि महिनाभर त्यांच्या तोंडाला विश्रांती नव्हती. “टोच गं बाई. मी काय पळून जाणार आहे?”

दुसऱ्या वेळी सुई नीट बसली. इन्चार्ज पुढच्या खाटेकडे वळली. शाबासकी ती कुणालाच देत नसे.

पोरीच्या ट्रायलचा तो पहिला दिवस होता. आठवडाभर काम करून दाखवायचं, पसंत पडलं तर नोकरी. तोवर पगार नाही, कँटीनचं जेवण नाही, दाराजवळच्या हजेरीच्या मशीनला अंगठा नाही. युनिफॉर्मसुद्धा आपल्याच कॉलेजचा, कमरेला त्या कॉलेजच्या रंगाचा पट्टा. नर्सिंगची परीक्षा ती चांगल्या मार्कांनी पास झाली होती आणि तेव्हापासून शहरातली हॉस्पिटलं पालथी घालत होती. सगळीकडे एकच प्रश्न. अनुभव आहे का? नाही? मग अनुभव घेऊन या. जसा काही अनुभव किराण्याच्या दुकानात सुट्टा मिळतो.

“ट्रायल?” घरी दादा म्हणाला होता. “तू काय दुकानातला शर्ट आहेस, घालून बघायला?” आईने युनिफॉर्मला कडक इस्त्री केली. मामाच्या चष्म्याच्या दुकानात काउंटरवर मुलगी हवी होती. या आठवड्यात जमलं नाही तर सोमवारपासून तिथे बसायचं, असं घरात ठरून गेलं होतं. त्या काउंटरवर एकदा बसलं की परत नर्स होणं नाही, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

म्हणून ती राबली. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून पेशंटना कुशीवर वळवलं, शौचाची भांडी दिली, भांडी उचलली, सलाइन बदलल्या, नातेवाइकांच्या शिव्या खाल्ल्या. इन्चार्ज सावलीसारखी मागे. ही बाई सगळ्यांच्या आधी यायची, तीही मागच्या जिन्याने, आणि मशीनकडे न बघता सरळ वॉर्डात शिरायची. मोठ्या लोकांना कसली आलीय हजेरी, पोरीला वाटायचं. डबा औषधांच्या खोलीत उभ्याउभ्याच खायची. मॅनेजर चक्कर मारायला आला की तिची पाठ ताठ व्हायची आणि आवाज चढायचा. “चादरीला सुरकुती दिसता कामा नये! कितीदा सांगायचं?” पोरीने मनातल्या मनात तिचं नाव ठेवलं, चमची.

“हात हलका आहे तुझा,” आजी एका सकाळी म्हणाल्या. “ठेवतील हो तुला.”

“खरंच आजी?” पोरगी फुलली.

“मागच्या आठवड्यातल्या निळ्या पट्ट्यावालीलाही मी हेच म्हटलं होतं. तिच्या आधीची ती चष्मेवाली. तिच्या आधीची गुणगुणत इंजेक्शन द्यायची, कळायचंसुद्धा नाही. गुणी पोरी सगळ्या. पण लग्नाला आलेले पाहुणे याहून जास्त दिवस राहतात गं.”

पोरीचा थर्मामीटर हातातच राहिला.

नोकरी द्यायचीच नव्हती. कॉलेजांतून पोरी बाहेर पडतच असतात. त्यातली एक उचलायची, आठवडाभर पिळायची, मग ‘फोन करू’ म्हणून जिना दाखवायचा आणि दुसरी उचलायची. पेशंटच्या बिलात मात्र नर्सिंगचा आकार रोज लागत होता. आजींचा मुलगा तो मुकाट्याने भरत होता.

तरी तिने आठवडा पुरा केला. माणसाची आशा अशीच निर्लज्ज असते. शेवटच्या दिवशी मॅनेजरने मान वर न करता सांगितलं, “फोन करू.”

ती जिन्याकडे गेली नाही. औषधांच्या खोलीत गेली. इन्चार्जने नुकताच डबा उघडला होता.

“सिस्टर, नोकरी गेली खड्ड्यात. मी इथे आठवडाभर काम केलं, एवढंच कागदावर लिहून द्या. खाली सही करा. पुढच्या दारात दाखवायला मला काहीतरी हवं.”

“नाही जमणार.”

“का? खोटं आहे? तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय.”

“पाहिलंय. चोख काम आहे तुझं.”

ही शाबासकी आता कुठे ठेवायची, ते पोरीला कळेना. तिचा तोल गेला.

“मग सही करायला काय हात झिजतो? आठवडाभर माझ्यावर गुरकावलात, त्या मॅनेजरपुढे शेपूट हलवलीत. आमच्यासारख्या किती आल्या नि किती गेल्या, सगळं ठाऊक होतं तुम्हाला. एका पोरीचं भलं करायला काय जातं तुमचं? तुमची खुर्ची तर पक्की आहे!”

इन्चार्जने घास न घेताच डब्याचं झाकण लावलं. वॉर्डाच्या दारात एक मुलगी येऊन उभी होती. हिरवा पट्टा, कडक इस्त्री, छातीशी धरलेली फाइल. इन्चार्जने तिला हातानेच थांबायची खूण केली. मग पोरीकडे वळून आवाज अगदी खाली आणला.

“माझा अंगठा त्या मशीनला लागलेला पाहिलास कधी? माझ्या सहीला इथे कुत्रं विचारत नाही. इन्चार्जच्या जागेसाठी मीही ट्रायलवरच आहे गं. माझी जरा लांबलीय, एवढंच.”