दुधाचा मेसेज

आई रोज सकाळी दुकानातल्या मशीनला मोबाईल टेकवून दूध घ्यायची. खातं दोघांचं, त्यामुळे पैसे गेल्याचा मेसेज परगावी राहणाऱ्या लेकाच्या मोबाईलवरही वाजायचा. आई ठणठणीत आहे, एवढं त्याला त्यातून कळायचं. वेगळी चौकशी करायची गरजच पडायची नाही.

आज अकरा वाजले तरी मेसेज नाही. मीटिंग अर्धवट टाकून तो जिन्यात आला आणि फोन लावला. पाच रिंगा झाल्यावर आईने उचलला.

"बोल रे."

"आई! बरी आहेस ना? दूध नाही आणलंस?"

"आणलं की. रोख दिले."

"अगं, मी पाठवलेलं कूपन आज संपतंय! मोबाईलवर दिले असतेस तर निम्म्यात आलं असतं."

"माहीत आहे. निम्म्यात नुसतं दूध आलं असतं. पुऱ्या पैशांत तुझा फोनही आला."