भरलेली शांतता

आवाजाची रया गेली आणि मग कुठे म्हाताऱ्याच्या गाण्यात जीव आला, असं रेकॉर्डिस्ट छातीठोकपणे सांगायचा. गावाकडची गाणी गाण्यात हयात घालवलेला तो गायक गेल्या महिन्यात गेला. शेवटच्या गाण्याची शेवटची ओळ तेवढी गायची राहिली. रिकाम्या खोलीत माइक चालू ठेवून नुसती शांतता टेपवर भरायची आणि ती अशा रिकाम्या जागी जोडायची, ही धंद्याची रीत. त्यानेही तेच केलं.

गायकाच्या मुलीने हेडफोन लावून डोळे मिटले. "शेवटच्या ओळीआधी बाबा खुर्ची पुढे ओढायचे. तो आवाज ठेवलात, बरं केलंत."

रेकॉर्डिस्ट काही बोलायला गेला. ती शांतता त्याने कालच भरली होती, खोलीला बाहेरून कुलूप लावून.

"थांबा, बोलू नका," ती म्हणाली. "श्वास घेतलाय त्यांनी."